तुझ्याकडेच का बंद पडतो?

बुधवार, रात्री उशिरा

रविवारी निघताना, दारात चपला घालता घालता दादा म्हणाला, "पण तुझ्याकडेच का बंद पडतो गं हा?"

हसत म्हणाला. मीही हसले. आज बुधवार उजाडून मावळला तरी ते वाक्य डोक्यातून जात नाही. त्यातला तो 'च'. नुसतं "का बंद पडतो" म्हणाला असता तर मी खाली जाऊन गेट लावून आले असते आणि विसरले असते.

तीन आठवडे झाले, माझा कॉम्प्युटर असा मधेच बंद पडतोय. विंडोज कोसळल्यावर येतो तो निळा पडदा येत नाही, सूचना येत नाही, काही नाही. मधल्या ओळीत, मधल्या शब्दात खट्ट होतं आणि पंखा थांबतो. मग खोलीत जी शांतता होते ती मला आता ओळखीची झालीय. मॉनिटर मात्र चालू असतो, त्यावर 'नो सिग्नल'ची चौकट इकडून तिकडे फिरत बसते. मॉनिटर आणि कॉम्प्युटर एकाच बोर्डावर आहेत. म्हणजे वीज गेलेली नसते, बोर्डही ढिला नसतो. हे मी पहिल्या दिवशीच ताडलं होतं आणि सांगितलंही होतं. तरी दादाचं पहिलं वाक्य काय, तर "लाइट झटका देत असेल."

ठीक आहे. तो आला, हे महत्त्वाचं. सुट्टीचा दिवस मोडून आला. पॉवरची वायर काढून घट्ट बसवली. कॅबिनेट उचलून टेबलावर ठेवलं, बाजूचं झाकण काढलं, ब्रशने धूळ झटकली. दोन्ही रॅम काढून त्यांचे सोनेरी दात खोडरबरने घासले. येताना जास्तीचा एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) आणला होता, तोही लावून पाहिला. मग माझ्या खुर्चीवर बसून तीन तास त्याला जे सुचेल ते चालवत राहिला. व्हिडिओ, गेम, दोन्ही एकदम. तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर टाकलं, त्यात सीपीयूचं तापमान ठीकच. "बघ, एकदम मस्त चाललाय." आणि खरंच चालला होता. मी मागे उभी राहून मनातल्या मनात म्हणत होते, पड रे बाबा, एकदा तरी बंद पड.

आपलंच यंत्र बंद पडावं म्हणून आपणच धावा करायचा, यापरतं हास्यास्पद काय असणार.

नाही पडला. कसा पडेल? दादाने झाकण लावलं, कॅबिनेट टेबलाखाली सरकवलं आणि ते वाक्य टाकून गेला. रात्री दहा वाजून चाळीस मिनिटांनी, पान 143 वर, तळटीप बसवत असताना खट्ट.

त्याला फोन केला नाही. काय सांगायचं?

त्याआधी दुरुस्तीवाल्याकडे दोन दिवस ठेवून झाला होताच. "मॅडम, अखंड चालू ठेवला होता, एकदाही बंद नाही पडला." त्याच्याही बोलण्यात तेच, फक्त 'मॅडम' लावून. वर म्हणाला, फॉरमॅट मारून बघू का? मी नको म्हटलं. का म्हटलं ते मलाही तेव्हा सांगता आलं नसतं. आता वाटतं, बरं झालं.

कारण काल रात्री मी पुरावा गोळा करायला बसले. विंडोजमध्ये 'इव्हेंट व्ह्यूअर' असतो, यंत्राची स्वतःची रोजनिशीच म्हणायची. त्यात सिस्टिमच्या नोंदी उघडल्या. लाल खुणेची 'कर्नेल-पॉवर 41' आणि तिच्या मागेपुढे '6008', अशा जोड्याच जोड्या. 6008 म्हणते, अमुक तारखेला अमुक वाजता झालेलं शटडाउन अनपेक्षित होतं. 41 म्हणते, यंत्र आधी नीट बंद न होताच पुन्हा सुरू झालं. गंमत अशी की दोन्ही नोंदी बंद पडताना होतच नाहीत. त्या क्षणी लिहायला कोणी जागं नसतं. पुढच्या वेळी बटण दाबून उठवलं की मग ते मागे वळून बघतं आणि लिहितं, अरेच्चा, काल आपण गेलो होतो वाटतं. 41च्या तपशिलात 'बगचेक कोड' पाहिला, तिथे 0. म्हणजे विंडोज कोसळलं असतं तर जो आकडा राहिला असता तो नाही. वरून कोणीतरी वीजच तोडलेली.

अशा जोड्या 17. मी खरं बोलत होते याचे 17 साक्षीदार. रात्री एक वाजता मला इतकं बरं वाटलं की विचारू नका.

मग वही घेतली आणि तारखा लिहून काढल्या. सुरू झाल्याच्या (6005) आणि शिस्तीत बंद केल्याच्याही (6006). आणि तिथेच घोटाळा झाला. दुरुस्तीवाल्याकडचे दोन दिवस कोरे. रविवारची दुपार कोरी. बाकी बहुतेक दिवशी एक, कधी दोन. म्हणजे माझा पुरावा दादाच्याच बाजूने बोलत होता. माझ्याकडेच बंद पडतो. लेखी.

यावर मी बराच वेळ रडले, तेही लिहून ठेवते. कॉम्प्युटरसाठी नाही हे उघड आहे. आईनेही परवा फोनवर "तू जरा जास्तच मनावर घेतेस" असं म्हटलं ते... जाऊ दे. रेवतीचा फोन आला होता, उचलला नाही. पुस्तक सोमवारी द्यायचंय आणि मी दर दोन ओळींना सेव्ह करायचं कंट्रोल-एस दाबत काम करतेय. हाताला इतकी सवय झालीय की मघाशी मोबाइलवर मेसेज लिहितानाही डाव्या हाताची करंगळी हलली.

माझ्या हातात खोट आहे, असं काही लोक खरंच मानतात स्वतःबद्दल. घड्याळं टिकत नाहीत, बल्ब उडतात. मी त्या लोकांना हसायचे.

आज दुपारी सहज, काही ठरवून नाही, दुरुस्तीवाल्याने तेव्हा पाठवलेला फोटो उघडला. "बघा, चालू आहे" म्हणून पाठवला होता. कॅबिनेटवर माझं एक स्टिकर आहे, त्यावरची अक्षरं दिसावीत म्हणून मी मोबाइल फिरवला. स्क्रीनही फिरली. परत फिरवला, परत फिरली. शेवटी मान वाकडी केली. आणि मान वाकडी असतानाच लक्षात आलं.

कॅबिनेट आडवं आहे.

त्याच्या टेबलावर आडवं. दादानेही उघडायला म्हणून आडवंच केलं होतं आणि तीन तास तसंच चालवलं. उभं असतं ते फक्त माझ्या टेबलाखाली.

विंडोजवर भरवसा नको म्हणून सरळ बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या यंत्राच्या स्वतःच्या पडद्यावर, गेले. तिथे विंडोज नसतं, माझी फाइल नसते, फॉण्ट नसतात. तिथे काही बिघडलं तर तो दोष लोखंडाचा. तापमानाचा आकडा समोरच दिसतो. कॅबिनेट उभं. सुरुवातीला 58. पाच मिनिटांनी 74. मी काहीच करत नव्हते, नुसती आकड्याकडे बघत बसले होते आणि तो चढत होता. 81. 86. पंखा आता तो आवाज काढायला लागला, जो मी तीन आठवडे सांगतेय. बंद पडायच्या आधी माउस जड होतो आणि पंखा ओरडतो, हे मी दोघांनाही सांगितलं होतं. "पंखा म्हटल्यावर आवाज करणारच ना," दादा. अकराव्या मिनिटाला 93. मीच बटण दाबून बंद केला.

थोडा निवू दिला. मग आडवा केला (बंद असताना, आत फिरती हार्ड डिस्क आहे, चालू यंत्र असं लोळवायचं नसतं) आणि परत बायोस. 55, 51, 48. तिथेच थांबला. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं, 48.

पुन्हा उभा. पुन्हा चढला. पुन्हा आडवा. पुन्हा 48. दोन्हीचे फोटो काढले. कोणाला दाखवायचे ते माहीत होतंच.

मग प्लग काढला आणि कॅबिनेट उभंच ठेवून झाकण उघडलं, मोबाइलचा टॉर्च आत धरला. प्रोसेसरच्या, म्हणजे मुख्य चिपच्या, डोक्यावर तिची उष्णता ओढून घेणारा ॲल्युमिनियमच्या पात्यांचा गोल हीटसिंक, त्यावर पंखा. तो चार कोपऱ्यांतल्या चार प्लास्टिकच्या पिनांवर मदरबोर्डाला धरलेला असतो. खालच्या दोन जागेवर. वरची डावी पूर्ण सुटलेली, वरची उजवी अर्धी. त्यामुळे सगळा हीटसिंक पुढे झुकलेला, किती, तर एक पोस्टकार्ड आत जाईल इतकाच. बोट लावलं तर पडायला आलेल्या दातासारखा हलला. त्या फटीत जुनी थर्मल पेस्ट (चिपची उष्णता हीटसिंकपर्यंत पोचवणारा लेप) दिसत होती, करडी, खडूच्या भुकटीसारखी वाळलेली.

आडवा केला की हा स्वतःच्या वजनाने प्रोसेसरवर चपखल बसतो. वरून बघितलं तर कोणालाही वाटेल, जागेवरच आहे. उभा केला की मान टाकतो. मग खालचा प्रोसेसर तापतो, 100च्या आसपास पोचला की आधी स्वतःचा वेग कमी करून बघतो (हाच तो जड झालेला माउस), त्यानेही भागलं नाही तर जळण्यापेक्षा बरं म्हणून वीजच तोडली जाते. विंडोजला निरोप द्यायलाही वेळ नसतो, म्हणून तो 0.

आपण सगळे या अख्ख्या डब्यालाच 'सीपीयू' म्हणतो. दादाला मी पहिल्या दिवशी फोनवर म्हटलं होतं, "माझा सीपीयू बंद पडतोय." तेव्हा त्याने मला सुधारलं होतं. तो डबा म्हणजे कॅबिनेट, सीपीयू म्हणजे आतली चिप. बरोबर आहे त्याचं. आणि बरोबर माझंही होतं.

जो माणूस तपासायला येतो, तो तपासण्यासाठी आधी आडवा करतो. आणि आडवा केला की बिघाडच उरत नाही. या वाक्याकडे मी संध्याकाळभर बघतेय आणि मला हसू येतंय. खरंच हसू येतंय, कालचं रडू आठवून तर जास्तच. इतकी साधी गोष्ट होती आणि मी आईपर्यंत, रेवतीपर्यंत, कुठल्या कुठे नेऊन ठेवली.

आता एक राहिलंय. लिहू की नको असं दोनदा झालं.

दादाने विचारलं होतं, "तू काही केलंस का? हलवलास, पाडलास?" मी नाही म्हटलं. तेव्हा मला खरंच आठवलं नव्हतं. की नव्हतं? तीन आठवड्यांपूर्वी टेबलाखालून झाडून घेताना मी कॅबिनेट ओढलं, मागची वायर ताणली गेली, आणि ते कलंडलं. आपटलं नव्हतं. टेकलं होतं. जरा जोरात टेकलं होतं. इव्हेंट व्ह्यूअरमधली पहिली 6008 त्याच संध्याकाळची आहे.

तर 'तुझ्याकडेच का' याचं उत्तर हे असं आहे. त्या 17 साक्षीदारांनी हे मला काल रात्रीच सांगितलं होतं, मी फक्त बाकीच्या सोळांची मोजदाद करण्यात गुंतले होते.

पिना परत बसवणं अवघड नाही. समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या एकदम दाबायच्या, टक् असा आवाज येईपर्यंत. पण एकदा उचकटल्यावर वाळलेली पेस्ट पुसून नवी लावायला हवी, नाहीतर काही उपयोग नाही. पेस्ट मागवलीय, उद्या येईल. तोवर कॅबिनेट टेबलावर आडवं पडलंय, हे सगळं मी त्यावरच लिहितेय, संध्याकाळपासून एकदाही बंद पडलेलं नाही. कंट्रोल-एस मात्र सुटत नाही.

मघाशी दादाचा मेसेज आला. "चालू आहे का?"

दोन्ही फोटो जोडले, खाली सगळं सविस्तर लिहिलं, 93 विरुद्ध 48. पाठवायच्या आधी पुसून टाकलं. नुसतं लिहिलं, "रविवारी येशील का अर्धा तास?"

"परत बंद पडला?"

"ये तर."

पेस्ट उद्या आली तरी रविवारपर्यंत लावणार नाही. तोवर आडवंच काम करीन, पानं 200 पर्यंत तरी जायलाच हवीत. रविवारी तो आला की कॅबिनेट उभं करून टेबलाखाली ठेवायचं, त्याला माझ्या खुर्चीवर बसवायचं आणि व्हिडिओ, गेम, दोन्ही एकदम लावायला सांगायचं. अकरा-बारा मिनिटं लागतील. प्रोसेसरला हे बरं नाही, मला कळतं. पण एकदाच.

कलंडल्याचं त्यानंतर सांगेन. पिना दाबताना, त्याचे दोन्ही हात आत अडकलेले असताना.