आजचं ४४ आणि मोबाइलवरचं ४७

आज दुपारी पुन्हा तेच. मोबाइलवर तापमान ४७ अंश, नागपूरच्या सोनेगाव वेधशाळेचा अधिकृत आकडा ४४. खोटं कोणीच बोलत नाही बाप्पा. वेधशाळेचा तापमापक पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर, सावलीत असतो. सीताबर्डीच्या डांबरावर उभ्या माणसाला ती सावली कुठून मिळणार? पण जुने आकडेही त्याच पेटीतले, म्हणून तुलना त्याच्याशीच करायची. मे २०२४ मध्ये रामदासपेठेतल्या स्वयंचलित यंत्राने ५६ दाखवले होते. तो सेन्सरचा बिघाड निघाला. नागपूरचा खरा उच्चांक ४७.९, २३ मे २०१३ चा.

सरासरी म्हणजे ३० वर्षांची. मे अखेरीस इथलं सरासरी कमाल ४३ च्या आसपास, म्हणजे ४४ म्हणजे फक्त एक अंश जास्त. उष्णतेची लाट मोजताना सरासरीपेक्षा किमान ४.५ अंश जास्त लागतात, किंवा सरळ ४५. म्हणून मार्चमध्ये ४१ ला लाट म्हणता येते आणि मेमध्ये ४४ ला नाही. हे ऐकून लोक चिडतात, पण गणित तसंच आहे.

कुलरचंही ऐका. तो खिडकीतच बसवा, बाहेरची कोरडी हवा ओढली पाहिजे, आणि समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा. सगळं बंद केलं की खोलीत दमटपणा कोंडतो, अंग चिकचिकतं. पॅडवर पांढरा क्षार साचला असेल तर पाणी सगळीकडे झिरपत नाही, ताट्या (म्हणजे ते पॅड) बदला. जूनमध्ये ढग आले, हवा दमट झाली की तोच कुलर नुसता पंखा.