दोघांनाच जहाजानं जायचंय? तुम्ही विचारलंत म्हणून

आम्ही दोघं लक्षद्वीपला जहाजानं जाऊन आलो तेव्हापासून लग्नाची पंगत असो की आर्वीचा बाजार, कोणी ना कोणी अडवतंच. ‘‘मॅडम, आमाले बी दोघायलेच जाचं हाये. पन नटनं-मुरडनं जमत नाही अन् एका जागी बसवत नाही. मंग कोनती क्रूझ घ्याव?’’

माझं उत्तर ठरलेलं आहे. जहाजाचे फोटो नंतर पाहा, आधी वेळापत्रक मागा. जहाज कोणत्या बंदरात किती वाजता लागतं, किती वाजता निघतं आणि मधले किती दिवस नुसता समुद्र आहे, हे त्यावरून कळतं. निघण्याच्या अर्धा-एक तास आधी सगळ्यांना परत वर यावं लागतं, तो वेळ वजा करा. जिथं जहाज धक्क्याला लागत नाही तिथं लहान बोटीनं किनाऱ्यावर नेतात. तिच्या रांगेचा वेळही वजा करा. म्हणजे सकाळी 8 ते संध्याकाळी 5 असं छापलेलं असलं तरी पायाखाली जमीन सहा-सात तासच असते. ज्यांचे हातपाय सतत चालतात त्यांनी हेच तास मोजून क्रूझ घ्यावी.

आम्ही मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीच्या ‘एम्प्रेस’ जहाजानं गेलो. 1990 साली बांधलेलं, आजच्या मानानं लहान जहाज. अगत्ती बेटाशी ते खोल पाण्यातच थांबतं, कारण प्रवाळाच्या कड्याच्या आत पाणी उथळ आहे. त्याच उथळ पाण्यात कयाक म्हणजे लहान, अरुंद होडी वल्हवता येते, स्नॉर्केलिंग, म्हणजे डोळ्यांना मास्क लावून नळीनं श्वास घेत पाण्याखालचं पाहणं, करता येतं. आमचे हे विहिरीत, पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेले. पाण्याची भीती नाही, पण मास्कमध्ये सारखं पाणी शिरायचं. बेटावरच्या पोरानं एकदा त्यांच्या मिशीकडे पाहिलं आणि काही न बोलता व्हॅसलिनची डबी पुढं केली. मिशीमुळे मास्क नीट चिकटत नाही, हे तेव्हा कळलं. नंतर पाण्याखाली त्यांनी माझा दंड धरून एकेक मासा दाखवला. निळा, पिवळा, पट्ट्यापट्ट्यांचा. एवढा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मी कापसाला भाव मिळाला तेव्हाही पाहिला नव्हता. किनाऱ्यावरच्या या खेळांचे पैसे तिकिटाबाहेरचे असतात, ते आधीच धरून चाला. लक्षद्वीपला प्रवेश परवानाही लागतो. तो कोण काढणार, हे बुकिंग करतानाच विचारा.

मोठ्या जहाजाचा मोह होतो, मान्य आहे. ‘आयकॉन ऑफ द सीज’वर एका खोलीत दोघं धरले तरी साडेपाच हजारांहून अधिक प्रवासी मावतात, पाण्याच्या घसरगुंड्याही आहेत. लेकरांबरोबर जायचं तर उत्तम. दोघांनाच हिंडायचं असेल तर माझं मन लहान बोटीकडे झुकतं. पुण्याची भाची अलास्काचा विचार करते आहे, तिला मी हेच सांगितलं. तिकडे शंभराच्या आत प्रवासी घेणाऱ्या बोटी आहेत आणि त्यांच्यावरून थेट कयाकमध्ये उतरता येतं. पॅसिफिक महासागरातल्या गालापागोस बेटांवर तर नियमच आहे, एका जहाजावर जास्तीत जास्त 100 प्रवासी आणि एका गाइडमागे 16 जण.

कपड्यांचं विचारून घ्या, लाजू नका. ‘क्वीन मेरी 2’सारख्या जहाजावर काही संध्याकाळी पुरुषांनी सूट घालावा अशी अपेक्षा असते. उलट नॉर्वेजियन क्रूझ लाइननं 2000 साली ‘फ्रीस्टाइल’ पद्धत आणली: जेवायची ठरावीक वेळ नाही, सूट-बूट सक्तीचा नाही. आमच्या जहाजावर यांचा सुती सदरा आणि माझी रोजची साडी छान चालून गेली.

खोली खिडकीची हवी का? आम्ही बिनखिडकीची घेतली आणि पुन्हाही तीच घेईन. साडेचारला उठणाऱ्या माणसाला डेकवरचा सूर्योदय फुकटच मिळतो. वाचलेले पैसे किनाऱ्यावर कामी येतात. फक्त खोली जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर मागा, तिथं हेलकावे कमी बसतात. मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून सोबत ठेवा.

आणखी एक, जे बुकिंगवाला सांगणार नाही. दोघांची चाल सारखी असायलाच हवी असं नाही. हे डेकवर फेऱ्या मारत, मी पुस्तक घेऊन सावलीत. जेवताना भेटलो की सांगायला दोघांकडेही काहीतरी नवं असायचं. घरी शेत, शाळा, सोयरेधायरे यांत असं बोलणं किती वर्षांत झालं नव्हतं! म्हणून नुसत्या समुद्राचा एखादा दिवस असू द्या, त्यापेक्षा जास्त नको.

आणि तारीख? पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, तेव्हा आपलीही पेरणी-निंदणी चालू असते. दिवाळीनंतर कापूस वेचायला माणसं मिळत नाहीत, घर सोडवत नाही. तूर निघाली की फेब्रुवारीत आपण मोकळे आणि समुद्रही शांत. तेव्हाचंच तिकीट पाहा, आणि मुंबईला एक दिवस आधी पोचा. गाडीला उशीर झाला म्हणून जहाज थांबत नाही.