चेकडिस्क झाली, कुलवृत्तांत गेला

मी रत्नागिरीत कॉम्प्युटर दुरुस्त करते. पावसाळा तोंडावर आला की माझ्या फोनला उसंत नसते. लाईट दिवसातून कितीदा जाते त्याचा हिशेब नाही, आणि जाताना-येताना एकेक झटका देते. ज्यांच्या यूपीएसची बॅटरी मेलेली असते, त्यांची तक्रार ठरलेली: 'ताई, चालू करताना काळ्या स्क्रीनवर टक्के मोजत बसतो.' बहुतेक वेळा यात घाबरण्यासारखं काही नसतं. डिस्कवर लिहिणं चालू असताना वीज गेली, ड्राइव्ह तपासायचा राहिलाय अशी खूण विंडोजला दिसली, आणि पुढच्या वेळी चालू होताना चेकडिस्क, म्हणजे विंडोजचीच डिस्क तपासणारी आज्ञा, आपोआप लागली. डिस्क धडधाकट असेल तर काही मिनिटांत उरकतं. होऊ द्या, मध्ये बटण दाबू नका, एवढंच मी फोनवर सांगते.

काकांचा फोन आला तेव्हा मात्र तक्रार वेगळी होती. "अगं, दुरुस्त झाला म्हणतोय. पण माझं पुस्तक कुठंय?"

काका बँकेतून निवृत्त झालेले. पुस्तक म्हणजे त्यांच्या घराण्याचा कुलवृत्तांत. मूळ गाव संगमेश्वराकडचं, पण माणसं पांगलेली पुणे, बडोदा, इंदूर, अमेरिका अशी. प्रत्येक घराला फॉर्म पाठवायचा, उत्तर आलं नाही की फोन करायचा, फोनवर आधी रुसवेफुगवे ऐकायचे आणि मग जन्मतारखा विचारायच्या, असा कित्येक वर्षांचा उद्योग. सगळं टायपिंग स्वतःचं. प्रेसशी बोलणी झालेली. आणि हे सगळं डेस्कटॉपवरच्या एका फोल्डरमध्ये. दुसरी प्रत? "पेन ड्राइव्हवर होती गं, पण त्यावर नातवाने गाणी भरली."

झालं होतं असं. कॉम्प्युटर अधूनमधून अडकायला लागला, एक फाईल उघडेना, म्हणून काकांनी पुण्याच्या पुतण्याला फोन लावला. पुतण्या आयटीतला. त्याने फोनवरूनच काळी खिडकी उघडायला लावून चेकडिस्कची आज्ञा टाईप करून घेतली, शेवटी स्लॅश आर सकट. चालू ड्राइव्हला कुलूप लावता येत नाही, रीस्टार्टला तपासू का, असं विंडोजने विचारलं. काकांनी वाय दाबलं. रात्रभर चाललं. सकाळी विंडोज चालू झालं, फोल्डरही जागेवर, पण आतली बरीच प्रकरणं गायब.

मी पोचले तेव्हा काका माऊस हातात धरून सर्च करत बसले होते. खोलीत शिरतानाच आवाज ऐकू आला. खट्, मग एक लांब विराम, पुन्हा खट्. मी नमस्कारसुद्धा न करता मशीन बंद केलं आणि वायर काढली. काकू म्हणाल्या, "अगं चहा तरी घे." चहा घेतला, पण डिस्क मशीनमधून काढून पिशवीत टाकल्यावर.

ही घाई का, ते काकांना तिथेच समजावलं, कारण पुतण्याने केलं ते सरसकट चूक नव्हतं. चेकडिस्क फाईली दुरुस्त करते असा लोकांचा समज आहे. ती दुरुस्त करते फाइल सिस्टीम, म्हणजे कुठली फाईल डिस्कवर कुठे आहे याच्या नोंदी. तलाठ्याने सात-बारा नीट केला म्हणून वाहून गेलेला बांध परत येत नाही. आणि उलट, सात-बाऱ्यावरून नाव निघालं तरी जमीन जागेवरच असते. आमची सगळी भिस्त या दुसऱ्या अर्ध्यावर होती. नोंद उडालेल्या फाईलची जागा विंडोजच्या लेखी मोकळी होते. मशीन जितका वेळ चालू राहील तितका वेळ तिथे काहीबाही लिहिलं जाण्याचा धोका. काका सर्च करत होते तेव्हाही तो होताच.

स्लॅश एफ आणि स्लॅश आर यांत फरकही मोठा. एफ फक्त नोंदी तपासून जुळवते. आर त्यावर आणखी दोन टप्पे करते: फाईलींतला सगळा मजकूर आणि मग मोकळी जागासुद्धा वाचून बघते. 500 जीबीच्या डिस्कवर 512 बाइटचे 97,67,73,168 सेक्टर, म्हणजे मजकूर साठवायचे छोटे कप्पे, असतात. मरणाच्या दारातल्या डिस्कला रात्रभर हे वाचायला लावायचं आणि शिवाय त्याच डिस्कवर दुरुस्त्या लिहायच्या, हे मला कधीच पटलेलं नाही. डिस्कची तब्येत आधी बघावी, मग आज्ञा द्यावी.

तब्येत बघायचं साधन फुकट आहे. डिस्क स्वतःच्या कुरबुरींची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ते आकडे दिसतात. मी तीन ओळी बघते. 05 म्हणजे खराब झाले म्हणून राखीव जागेत हलवलेले सेक्टर. सी5 म्हणजे वाचता येईनात, पण अजून निकाल न लागलेले. आणि सी7 म्हणजे केबलमधून येता-जाता बिघडलेला डेटा. नुसता सी7 वाढलेला असेल तर गिऱ्हाइकाला नव्या डिस्कचा खर्च सांगू नये, डिस्कला जोडणारी साटा केबल बदलावी. कच्चे आकडे तिथे हेक्समध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजलेले असतात, ते तसेच वाचून घाबरणारेही भेटतात. काकांच्या डिस्कवर सी7 शून्य, 05 वाढलेला आणि सी5 त्याहून वाढलेला. केबलचा दोष नाही. डिस्कच जात होती.

दुकानात मी ती विंडोजला लावलीच नाही. पेन ड्राइव्हवरचं लिनक्स चालू केलं आणि डीडीरेस्क्यूने सेक्टरला सेक्टर अशी नव्या डिस्कवर नक्कल काढायला घेतली. या प्रोग्रामचं शहाणपण असं की तो अडलेल्या जागी डोकं आपटत बसत नाही. आधी सहज येईल ते सगळं उचलतो, अडलं की पुढे उडी मारतो, आणि राहिलेल्या जागांकडे नंतर परततो. काय वाचलं, काय राहिलं याचा नकाशा एका फाईलमध्ये ठेवतो, त्यामुळे मध्येच थांबवता येतं. आमच्याकडे मध्येच थांबवायला लाईट समर्थ आहे. चांगल्या डिस्कला दोनेक तासांचं काम. इथे मुक्काम पडले. वेग मस्त चाललेला असायचा आणि एकदम शून्यावर. मग मी थांबवायची, डिस्क गार होऊ द्यायची, पुढच्या वेळी उलट्या टोकाकडून वाचायला लावायची. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवा, हा सल्ला याही खेपेला शेजारच्या मोबाईलवाल्याने दिलाच. कोकणातल्या जूनच्या हवेत फ्रीजमधून काढलेल्या वस्तूवर पाणी किती धरतं, हे त्याला सांगायची गरज पडायला नको होती.

शेवटी न वाचता आलेला भाग उरला काही किलोबाइटचा. 500 जीबीत काही किलोबाइट म्हणजे नगण्य, असं वाटेल. पण जागा महत्त्वाची. एनटीएफएस या विंडोजच्या फाइल सिस्टीममध्ये मास्टर फाइल टेबल नावाची मुख्य वही असते, तिच्यात एकेका फाईलची नोंद साधारणपणे 1024 बाइटची. आणि ही डिस्क बाहेर 512 बाइटचे सेक्टर दाखवत असली, तरी तिचा खरा, आतला सेक्टर 4096 बाइटचा. म्हणजे वहीतला एक सेक्टर गेला की शेजारशेजारच्या चार फाईलींचा पत्ता गेला, मजकुराला धक्का न लागता. काकांच्या बाबतीत नेमकं हेच घडलं होतं.

याचा पुरावाही सापडला. चालू होताना झालेल्या चेकडिस्कचा पूर्ण अहवाल विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, ॲप्लिकेशन लॉगमध्ये, विनइनिट या नावाखाली पडलेला असतो. तो कुणी वाचत नाही. नकलेवरची लॉगफाईल माझ्या मशीनवर उघडली. अमुक फाईल रेकॉर्ड सेगमेंट वाचता येत नाही, अशा ओळी; त्यांच्या खाली अमुक इंडेक्स एंट्री काढून टाकत आहे, आणि तिथे काढलेल्या फाईलींची नावं. काय-काय गेलं याची यादीच हातात आली. ती छापून काकांना दिली. त्यांनी तांबड्या पेनने प्रकरणांवर खुणा केल्या.

चेकडिस्कला सापडलेले बेवारस तुकडे ती फाउंड.000 नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये टाकते. लपवलेला असल्यामुळे काकांना दिसला नव्हता. त्यातल्या एका उपफोल्डरमध्ये फोटो जवळजवळ सगळे निघाले, मूळ नावांसकट. प्रकरणं मात्र फारशी नव्हती. मग फोटोरेक हे हरवलेल्या फाईली शोधणारं सॉफ्टवेअर चालवलं. नाव फोटोचं असलं तरी ते वर्डच्या फाईलीही शोधतं. नोंदींकडे न बघता थेट मजकुराच्या सुरुवातीच्या खुणा ओळखत जातं, त्यामुळे फाईली मिळतात, पण नावं जातात. एफ आणि पुढे आकडे, अशा शेकडो डॉक फाईली समोर आल्या. बँकेची पत्रं, सोसायटीच्या नोटिसा, आरत्या, आणि कुठेतरी त्यात कुलवृत्तांत.

एकेक उघडून बघायला जन्म पुरला नसता. आतल्या शब्दावरून शोधावं, तर काकांनी सगळं कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेलं. पडद्यावर मराठी दिसतं, पण फाईलमध्ये रोमन अक्षरंच साठवलेली असतात. मशीनच्या लेखी त्यात मराठी नाहीच. तेव्हा मी काकांना दुकानात बोलावलं आणि विचारलं, तुमच्या घराण्यात प्रत्येक शाखेत सापडेल असं एक नाव सांगा. क्षणाचा विचार न करता म्हणाले, "रामचंद्र. दर दोन पिढ्यांआड आहेच." कृतिदेवमध्ये रामचंद्र म्हणजे जे, के, ई, पी, ए, एन, झेड. तीच अक्षरं शोधात टाकली. आरत्या गळाल्या, नोटिसा गळाल्या, आणि रामचंद्रांची रांग लागली. काका खुर्ची ओढून माझ्या शेजारीच बसले.

आता नवीच अडचण. एकेका प्रकरणाच्या कितीतरी प्रती. वर्डने वेळोवेळी सेव्ह करताना मागे टाकलेल्या. शेवटची कुठली? तारखांवर माझा भरवसा नव्हता, कारण काकांच्या मदरबोर्डचा सेल गेलेला, घड्याळ मनाला येईल तिथे जायचं. काकांनीच रीत काढली. "यात धाकट्या वहिनींच्या नातीचं बारसं आलंय का? नाही? मग हे गणपतीच्या आधीचं. टाक." "इथे नाशिकच्यांचा घटस्फोट आहे, नको, तो मी नंतर काढला, त्यांनी फोन करून सांगितलं होतं." मी फाईली उघडत होते, ते वरून दोन ओळी वाचून निकाल देत होते. बाहेर गिऱ्हाइकं खोळंबली होती, पण मला हलवेना.

अखेर सगळं जमलं, एक प्रकरण सोडून. इंदूरची शाखा. तिच्या फाईलच्या मजकुरातच खराब सेक्टर आला होता; वर्ड ती उघडेना, आणि आतून ओरबाडून काढलं तर मधली दोन पिढ्यांची पानं कोरी. जुनी प्रतही मिळाली नाही.

पुतण्याशी मी बोलले. बिचारा ओशाळला होता. त्याला म्हटलं, आज्ञा बरोबरच आहे, फक्त त्याआधी स्मार्ट बघ, आणि सी5 शून्याच्या वर असेल तर आधी नक्कल काढ, मग नकलेवर काय हवी ती चेकडिस्क चालव. आता कुलवृत्तांताची एक प्रत त्याच्याकडे पुण्यात असते, एक बाहेरच्या डिस्कवर. ती डिस्क काकांनी कॉम्प्युटरच्याच टेबलावर ठेवली होती. मी देवघराच्या कपाटात हलवायला लावली. यूपीएसची बॅटरीही बदलली.

इंदूरवाल्यांना काकांनी पुन्हा फॉर्म पाठवला. भरून आला तेव्हा त्यात एक दत्तक निघाला, जो पहिल्या फॉर्ममध्ये नव्हता. त्यावरून बडोद्याच्या शाखेने हरकत घेतली, कारण दत्तक गेलेला रामचंद्र मूळचा त्यांचा. काकांनी छपाई पुढे ढकलली आहे, आणि फाईल कधी मिळणार म्हणून प्रेसवाला आता मलाच फोन करतो.