शेवेविना तेरावा दिवस

१९ मार्च २०२५, बुधवार. रंगपंचमी.

आम्हा ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो. तिथपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत शेहेचाळीस दिवस होतात. त्यातले सहा रविवार वजा केले की चाळीस. रविवार येशूच्या पुनरुत्थानाचा वार, तो उपासात धरत नाहीत. हे गणित मी आईला पहिल्याच आठवड्यात ऐकवलं, कारण मग रविवारी पोह्यांवर शेव घालून घेता आली असती. ती म्हणाली, "वकिली करू नकोस."

यंदा मी शेव सोडली आहे. पोरकट वाटेल, पण इंदूरच्या माणसाला विचारा. मटण सोडण्यात माझं काही जात नाही, आमच्याकडे ते रविवारीच शिजतं. शेव मात्र पोह्यांवर, वरणभातावर, दोडक्याच्या भाजीवरसुद्धा. चौथ्या दिवशी जेवताना बोलत होते आणि बघते तर डाव्या हाताने डब्याचं झाकण काढलेलं, दोन बोटांत लौंगशेव. भूक नव्हती, इच्छाही नव्हती. हात आपला गेला होता. आईने डबा उचलून कपाटावर ठेवला. आता स्टूल लागतं, आणि स्टुलावर चढेपर्यंत मी भानावर येते.

तोंडाचंही तेच. शुक्रवारी क्रुसाची वाट असते, म्हणजे येशूच्या क्रुसापर्यंतच्या प्रवासाची प्रार्थना, चौदा स्थानं, सगळं हिंदीत. ते इतकं पाठ आहे की नवव्या स्थानाशी येशू तिसऱ्यांदा पडतो तेव्हा मी मनाने किराणाच्या यादीत असते. म्हणून यंदा आजीची, नगरकडची मराठी प्रार्थना पुटपुटते. ती अर्धवटच येते, प्रत्येक ओळीला अडखळायला होतं. तेही स्टूलच म्हणा.

राखेच्या बुधवारी सकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, करून तशीच ऑफिसला गेले होते. गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी वाटलेल्या झावळ्या जाळून केलेली राख, कपाळावर बोटभर क्रूस. शेजारच्या टेबलावरचे म्हणाले, "अरे वा, महाकाल? भस्म आरती में गई थीं?" उज्जैन तासाभरावर, त्यांचं काय चुकलं! मी चर्चचं सांगितलं. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "फिर भी, जय महाकाल." दिवसभर हसू येत होतं. गंमत म्हणजे त्याच मिस्सेत मत्तयचा सहावा अध्याय वाचतात: उपास करशील तेव्हा तोंड धू, लोकांना दाखवू नकोस. आणि लगेच कपाळाला राख! हे कोडं मला लहानपणापासून सुटलेलं नाही. त्यात मी इथे शेवेचं जाहीर करून बसले आहे.

आज गेर, इंदूरची रंगपंचमीची मिरवणूक. राजवाड्यापाशी टँकरमधून उडणारा रंग तिसऱ्या मजल्यापर्यंत जातो, मी तर रस्त्यावर होते. घरी येऊन तीनदा साबण लावला. राख एका पाण्यात गेली होती, हा गुलाबी काही कानामागून हलेना. तशीच संध्याकाळी चर्चला गेले, कारण आज संत योसेफचा सण. उपवासकाळात आला तरी तो मोठा सण, त्यामुळे फादरांचा जांभळा झगा आजपुरता आत आणि पांढरा बाहेर. एरवी या काळात बंद असलेला ग्लोरिया, म्हणजे स्तुतीचं गाणं, तोही म्हटला. आलेलुया मात्र नाही, तो ईस्टरलाच. परमप्रसादाच्या रांगेत माझ्यापुढच्या आजोबांचे तळवे हिरवे होते, माझे गुलाबी. फादरांनी आजोबांच्या हातात प्रसाद ठेवला, एकदा तळव्यांकडे पाहिलं, आणि पांढऱ्या बाहीची काळजी घेत पुढे झाले.

जेवायला बसले तर आई स्टुलावर उभी. डबा खाली आणून माझ्या पानाशी ठेवला. "मोठा सण आहे," म्हणाली.

"आणि वकिली?"

"ती आज माझ्याकडे आहे. खा."