न्यू जर्सीत घर बघायला जाताना

पुण्यात रीसेलचा फ्लॅट बघायला गेलं की दार मालकच उघडतात. काकू पाणी आणतात, आणि चहा होईपर्यंत नळाला पाणी किती वेळ असतं, सोसायटीत भांडकुदळ कोण, मुलगा बंगलोरला कधी गेला, सगळं कळून जातं. इथे न्यू जर्सीत आपण यायच्या आधी मालक मुलाबाळांना आणि कुत्र्याला घेऊन घराबाहेर पडतात. दाराशी लॉकबॉक्स लटकलेला असतो. एजंट फोनवरून तो उघडून किल्ली काढतो आणि आपण परक्यांच्या संसारात उभे राहतो. पुढे ते घर घेतलं तरी कित्येकदा मालकांशी गाठ पडतच नाही.

म्हणून वेळ पाळायची. ठरलेल्या अर्ध्या तासासाठी ती मंडळी कुठेतरी गाडीत बसून असतात, हे लक्षात ठेवलं की 'पाच-दहा मिनिटांनी काय होतंय' असं वाटत नाही. जायचं रद्द झालं तर कळवायचं, हे वेगळं सांगायला नको, पण सांगावं लागतं.

चपला-बूट दारात काढायला आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. कधी तिथे निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या ठेवलेल्या असतात, त्या बुटांवर चढवायच्या. अडचण पुढे येते. उन्हाळ्यात आई-बाबा आलेले असतात, 'आम्हालाही बघू दे की' म्हणतात, शिवाय मुलं आणि जवळच राहणारा आतेभाऊ. माझं मत विचाराल तर पहिल्या फेरीला नवरा-बायकोनंच जावं. घर मनात भरलं तर दुसऱ्या वेळी आई-बाबांना न्यावं. त्यांच्या नजरेला जे दिसतं ते आपल्याला दिसत नाही, हेही खरं.

काय उघडून बघायचं याचा साधा हिशेब आहे. भिंतीत बसवलेलं, म्हणजे घराबरोबर विकलं जाणार आहे ते, उघडायला हरकत नाही: क्लोझेट, ओट्याखालची कपाटं, माळा. मालकांचं सुटं फर्निचर, पलंगाशेजारचे ड्रॉवर, बाथरूममधलं औषधांचं कपाट यांना हात लावायचा नाही. फ्रिज घराबरोबर मिळणार असेल तर एजंटला विचारून उघडावा. पलंगावर बसू नये, बाथरूम वापरू नये. फोटो काढायचे तर आधी विचारावं, कारण भिंतीवर त्यांच्या मुलांचे फोटो असतात.

स्वयंपाकघरात मात्र मी रेंगाळते. शेगडीवरच्या मायक्रोवेव्हला पंखा असतो, तो एजंटला विचारून सुरू करते आणि वरच्या जाळीसमोर हात धरते. हाताला वारा लागला तर समजायचं की स्वयंपाकाचा धूर बाहेर जात नाही, गाळणीतून फिरून पुन्हा घरातच येतो. रोज फोडणी करणाऱ्यांसाठी ही बाब ग्रॅनाइटच्या ओट्यापेक्षा मोठी आहे. बघून झालं की पंखा बंद करायचा.

बोलताना जपून. दारावरच्या बेलमध्ये कॅमेरा असतो, आत कुठे असेल सांगता येत नाही. 'हेच हवं, वर वीस हजार गेले तरी चालतील' हे वाक्य गाडीत बसेपर्यंत गिळून ठेवावं. मराठीत बोललं की झालं, असं एडिसनमध्ये तरी समजू नका. तिथल्या ओक ट्री रोडच्या, म्हणजे भारतीय दुकानांच्या रस्त्याच्या, आसपास विकणारा मालक मराठीही निघू शकतो. पडद्यांना नावं ठेवायची तीही बाहेर येऊन.

एजंटशी वागण्याची एक रीत आता कागदावर आली आहे. 17 ऑगस्ट 2024 पासून देशभरात, घर दाखवण्याआधी एजंटला खरेदीदाराशी लेखी करार करावा लागतो आणि त्यात त्याचा मोबदला लिहावा लागतो. नुसतं ओपन हाऊसला, म्हणजे ठरलेल्या वेळी कुणालाही बघायला खुल्या ठेवलेल्या घरात, डोकावायचं असेल तर अशा कराराची गरज नाही. तिथल्या वहीत नाव लिहिताना आपला एजंट आहे हे सांगून टाकावं. एकाला शनिवार-रविवार गावभर फिरवायचं आणि सौदा मात्र नुकतंच लायसन्स काढलेल्या वहिनींमार्फत करायचा, हे आपल्या लोकांत सर्रास चालत आलंय. मला ते कधीच पटलं नाही. ती माणसं कमिशनवर जगतात.

आता आपला लाडका प्रश्न: 'एरिया चांगला आहे ना? आपली माणसं आहेत ना?' यावर एजंट विषय बदलतो, आणि नवीन आलेल्यांना तो काहीतरी लपवतोय असं वाटतं. कारण वेगळंच आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवडाभरात, एप्रिल 1968 मध्ये, फेअर हाऊसिंग कायद्यावर सही झाली. त्याआधी वंश पाहून कुणाला कुठली वस्ती दाखवायची हे उघडपणे ठरवलं जाई. आज वंश, धर्म, मूळ देश अशा गोष्टींवरून गिऱ्हाइकाला एखाद्या वस्तीकडे वळवणं बेकायदा आहे, मग गिऱ्हाइकानं स्वतः मागणी केली तरीही. म्हणून तो शाळांचे अहवाल आणि पोलिसांची आकडेवारी कुठे मिळते ते सांगतो आणि गप्प बसतो. आपणही त्याला पेचात टाकू नये. संध्याकाळी त्या रस्त्यावर एक चक्कर मारली की दारातली तोरणं आणि रांगोळ्या दिसतातच.

छप्पर किती जुनं, तळघरात पाणी येतं का, अंगणात घर तापवायच्या तेलाची जुनी टाकी पुरलेली आहे का, हे प्रश्न बिनधास्त विचारा. न्यू जर्सीच्या जुन्या घरांत अशा टाक्या निघतात आणि गळकी निघाली तर माती उकरण्याचा खर्च भयंकर असतो. घर 1978 च्या आधीचं असेल तर भिंतींना लावलेल्या शिसं असलेल्या विषारी रंगाबद्दल माहीत असलेलं सांगणं विकणाऱ्याला बंधनकारकच आहे.

बघून झालं की मालकांचा एजंट अभिप्राय मागतो. आपलं नेहमीचं 'कळवतो' इथे कामाचं नाही. नको असेल तर नको म्हणावं, जमल्यास कारणही द्यावं. मालकांना किंमत ठरवायला त्याचा उपयोग होतो. ईशान्येला टॉयलेट आहे म्हणून नको, असं सांगायलाही लाजू नका. एडिसनमधल्या एजंटांनी ते कारण पुष्कळदा ऐकलेलं असतं.