डिसेंबरातली इनारी आणि कोरडे मोजे

फिनलंडच्या उत्तर टोकाला इनारी नावाचं गाव आहे, ध्रुववृत्ताच्या बरंच वर, ६९ अक्षांशाच्या जरासं अलीकडे. डिसेंबरच्या सुरुवातीला इथला सूर्य क्षितिजाखाली जातो तो जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास परत डोकावतो. आम्ही दोघं मुद्दाम त्या मधल्या काळात गेलो. भाची हेलसिंकीजवळच्या एस्पोला नोकरी करते. तिनं आधी वेड्यातच काढलं. "मावशी, अगं लोक जूनमध्ये येतात!" मग स्वतःच रजा टाकून बरोबर आली.

जायचं कसं, ते आधी सांगते. हेलसिंकीहून रोवानिएमीला रात्रीची रेल्वेगाडी आहे, साधारण बारा तासांची. तिच्यात झोपायला दोघादोघांच्या खोल्या असतात. डिसेंबरात त्या फार लवकर भरतात, त्यामुळे विमानाच्या तिकिटाबरोबरच ही तिकिटं काढा. रोवानिएमीहून इनारी सव्वातीनशे किलोमीटर, बसनं पाचेक तास. घाई असेल तर थेट इव्हालोला विमानानं उतरायचं, विमानतळावरून इनारी पन्नासेक किलोमीटरवर. बसच्या खिडकीतून काय दिसतं म्हणाल, तर पाइन, बर्फ आणि बसच्याच दिव्यांचा उजेड. झोप काढलीत तर काही बुडत नाही.

आता थंडी. आमच्या मुक्कामात पारा उणे ३४ पर्यंत उतरला. तिथल्या लोकांना त्याचं विशेष नव्हतं. फिनलंडचा नीचांक उणे ५१.५ आहे, १९९९ च्या जानेवारीत कित्तिला तालुक्यातल्या पोक्का गावी नोंदलेला. उणे २० च्या आसपास नाकातले केस गोठून आत टोचायला लागतात. उणे ३० च्या खाली पायाखालचा बर्फ थर्माकोल घासल्यासारखा किंचाळतो. पण नीट कपडे घातलेला माणूस बाहेर सहसा गारठत नाही. तो गारठतो दारात. आत २१ अंश, बाहेर उणे ३४, म्हणजे एका उंबरठ्यावर ५५ अंशांचा फरक. घोटाळे होतात ते सगळे तिथेच.

सगळ्यात मोठा घोटाळा घामाचा. थंडीच्या धास्तीनं माणूस खोलीतच सगळं अंगावर चढवतो, मग हातमोजा शोधतो, मग मोबाइल, मग किल्ली. तोवर पाठ ओली झालेली असते. बाहेर पडल्यावर दहा मिनिटांत ती ओल बर्फाच्या पाण्याइतकी गार पडते आणि मग वर कितीही महागाचं जाकीट असो, हुडहुडी थांबत नाही. तिथल्या घरांना दोन दारं असतात आणि मध्ये एक छोटी, कमी गरम जागा. आमच्या केबिनच्या मालकीणबाई सगळे जाडजूड कपडे तिथेच घालायच्या. आधी बूट, मग जाकीट, टोपी अगदी शेवटी, आणि हातमोजे दाराबाहेर. त्यांचं पाहून आम्हीही तेच सुरू केलं. बाहेर पडल्यावर पहिली पाच मिनिटं जराशी थंडी वाजायला हवी. चालायला लागलात की ती जाते. सुरुवातीलाच ऊबदार वाटत असेल तर कपडे जास्त झालेत, एक थर काढा.

सुती काहीही अंगाला लागून घालायचं नाही. बनियन, मोजे, आतले कपडे, काही नाही. सूत घाम धरून ठेवतं. आतला थर मेरिनो लोकरीचा किंवा सिंथेटिक, मधला जाड लोकरीचा किंवा फ्लीसचा, बाहेरचा वारा अडवणारा. आतले दोन थर पुण्या-मुंबईतच मिळतात. बाहेरच्या थरासाठी मात्र पैसे घालवू नका. कुत्र्यांच्या किंवा रेनडिअरच्या घसरगाडीची सफर घेतलीत तर त्या कंपन्या जाड ओव्हरऑल, बूट आणि हातमोजे देतातच. गावात फिरायलाही भाड्यानं मिळतात का ते मुक्कामाच्या ठिकाणी विचारा. बूट एक नंबर मोठा हवा. घट्ट बुटात दोन मोजे कोंबले की रक्त फिरत नाही आणि बोटं आधी बधिर होतात. हातमोजे पाच बोटांचे नकोत, चारही बोटं एकत्र राहतील असे हवेत. फोटोसाठी आत पातळ पाच बोटांचे घाला.

सामी म्हणजे या उत्तरेकडच्या भागातले मूळ रहिवासी. गावातल्या सीदा या त्यांच्या संग्रहालयात रेनडिअरच्या पायाच्या कातड्याचे जुने बूट ठेवलेत. सामी लोक त्यात मोज्याऐवजी वाळवलेलं गवत भरायचे. गवत पायाचा दमटपणा शोषून घेई, आणि रात्री काढून वाळवलं की सकाळी पुन्हा तयार. त्या काचेसमोर मी बराच वेळ उभी होते. त्यानंतर रोज रात्री आमच्या तिघांचे बुटातले सोल काढून, मोजे उलटे करून वाळत टाकायचं काम मी स्वतःकडे घेतलं. सीदा पाहायला निदान तीन तास ठेवा. इनारी हे फिनलंडमधल्या सामींचं मुख्य केंद्र आहे. त्यांची संसद इथल्याच सायोस इमारतीत भरते आणि एकट्या या तालुक्यात तीन सामी भाषा बोलल्या जातात.

बायकांसाठी एक खास सूचना, जी मला कुठे वाचायला मिळाली नव्हती: कानातलं आणि चमकी काढून ठेवा. धातू थंडी थेट कातडीत पोचवतो. चमकीच्या जागी नाकपुडीवर असा काही चटका बसतो की ठिणगी पडल्यासारखं वाटतं. मंगळसूत्र आतल्या थराच्या वर राहू द्या. चष्मा असेल तर प्लास्टिकच्या फ्रेमचा न्या. आणि ह्यांनी नाकावरून मफलर घेऊन तासभर चालून आल्यावर मिशी मफलरला चिकटली. ओढू नका, घरात येऊन दोन मिनिटं थांबा, आपोआप सुटते. भाचीनं त्याचा व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला तो भाग वेगळा.

मोबाइल आतल्या खिशात, अंगाशी. बाहेर काढला की चाळीस टक्के बॅटरी असतानाही बंद पडतो, ऊब मिळाली की पुन्हा सुरू होतो. गोठलेला असताना चार्जिंगला लावू नका. कॅमेरा बाहेरून आत आणताना दाराबाहेरच झिपच्या पिशवीत घालून हवा बंद करा आणि खोलीत तासभर तसाच राहू द्या, म्हणजे बाष्प पिशवीवर धरतं, भिंगावर नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते बाहेरच्या खिशात किंवा गाडीत मुळीच ठेवू नये, एकदा गोठलं की वाया गेलं. दमा असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. थंड कोरडी हवा छातीत लागते. चालताना एकमेकांच्या तोंडाकडे लक्ष ठेवा. गालावर किंवा नाकाच्या शेंड्यावर पांढरट, बधिर ठिपका दिसला तर उघड्या तळव्याची ऊब द्या आणि आत जा. चोळू नका, बर्फ तर नाहीच नाही.

आपल्याकडे महाबळेश्वरला वर चढलं की गार होतं. इथे शांत, निरभ्र रात्री उलटं असतं. जड थंड हवा खाली उतरून नदीच्या खोऱ्यात साचते. इव्हालोला कडाका असतो तेव्हा सारिसेल्कच्या कौनिस्प्या टेकडीवर कित्येक अंश जास्त ऊब असू शकते. खाली सहन होईनासं झालं तर टेकडीकडे जाणारी बस पकडा. फक्त वर वारा सुटलेला नाही ना, ते हवामान खात्याच्या अंदाजात बघून घ्या.

अंधाराचं म्हणाल तर मला त्याचीच जास्त धास्ती होती. चोवीस तास काळोख असेल असं आपण धरून चालतो. तसं नसतं. दुपारी सूर्य क्षितिजाच्या दोनेक अंशच खाली असतो, त्यामुळे पावणेदहा ते अडीचच्या दरम्यान बाहेर वाचता येईल इतका उजेड असतो आणि बर्फामुळे तो वाढतो. बाराच्या सुमारास दक्षिणेला केशरी पट्टा, उत्तरेला जांभळट निळं आकाश. गावातली युतुआ नदी खळाळत्या जागी गोठत नाही. कडाक्यात तिच्यातून वाफा निघतात आणि काठच्या बर्च झाडांवर गोठतात. एक काडी जवळून पाहिली तर तिच्यावर नखाएवढ्या पापुद्र्यांची दाटी, फुंकर घातली की सगळी खाली. हे पाहायचं तर त्याच वेळात.

आणि नेमक्या त्याच वेळात पर्यटक जेवत बसलेले असतात, कारण रात्री ध्रुवीय प्रकाशासाठी जागून सकाळी उशिरा उठलेले. मग अडीचला बाहेर येतात, अंधार बघतात, पुन्हा आत जातात. दोन दिवसांत चिडचिड सुरू. त्यावर उपाय घड्याळाचा. सात वाजता गजर, लगेच सगळे दिवे लावायचे, नाश्ता, आणि दहाला बाहेर. जेवण तीननंतर. संध्याकाळी सहालाच मध्यरात्र वाटते, तेव्हा झोपलात तर पहाटे दोनला टक्क जागे. त्या वेळेला सौना, म्हणजे तिथलं वाफेचं स्नान, ठेवा. फिनिश लोक इथे बारा महिने राहतात ते याच शिस्तीवर. खिडकीखिडकीत विजेच्या मेणबत्त्या, टेबलावर प्रखर उजेडाचा दिवा, दुधात मिसळलेलं ड जीवनसत्त्व, आणि कॉफी किती, ते विचारू नका.

चंद्राची गंमत तर अजून डोक्यातून जात नाही. डिसेंबरातली पौर्णिमा, म्हणजे बहुधा आपली दत्तजयंती, साधली तर बऱ्याच वर्षी चंद्र काही दिवस मावळतच नाही. आकाशातून नुसता गोल फिरतो. तळ्यावर माणसाची सावली पडेल इतकं चांदणं. सासूबाईंनी फोनवर विचारलं, "तिकडे संकष्टीला चंद्रोदय किती वाजता गं?" मावळलाच नाही तर उगवणार कुठून? "तुम्ही सोडाल तेव्हा मीही सोडते," एवढंच म्हटलं.

ध्रुवीय प्रकाश आम्हाला दिसला, छान दिसला. त्याबद्दल लोक भरपूर लिहितात. मी एवढंच सांगेन की इनारीत अडचण ढगांची असते, त्यामुळे एकाच रात्रीचा भरवसा धरू नका.

खायचं काय? मांसाहाऱ्यांची चंगळ: सामन माशाचं सूप, बटाट्याच्या लगद्याबरोबर रेनडिअरचं मटण. शाकाहाऱ्यांनी केबिनच घ्यावी आणि स्वतः रांधावं. गावात किराणा दुकान आहे. युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, तेव्हा तूप, पेढे, खवा घरीच ठेवा. मी डिंक आणि खारीक नेली, भाचीनं तिकडच्या लोण्याचं तूप कढवलं आणि एस्पोत डिंकाचे लाडू वळले. उणे ३० ला बाहेरच्या खिशातल्या लाडवाला दात लागत नाही. तोही आतल्याच खिशात.

गाडी भाड्यानं घ्यायची तर खिळ्यांचे टायर आहेत ना ते विचारा. मुक्कामाच्या आवारात खांबावर प्लग असतात. गाडीच्या इंजिनातला हीटर सकाळी निघायच्या दोनेक तास आधी त्याला जोडावा लागतो. निघताना वायर काढायला विसरू नका. अंधारात रस्त्यावर रेनडिअर सर्रास येतात आणि हॉर्नला भीक घालत नाहीत. वेग कमीच ठेवा, आणि धडक बसलीच तर ११२ ला कळवावं लागतं. पायी चालणाऱ्यांनी अंधारात अंगावर चमकणारी पट्टी लावावी. किराणा दुकानातही मिळते. तळं गोठलेलं दिसलं तरी स्थानिक माणसाला विचारल्याशिवाय पाय टाकू नका. प्रवाहाच्या तोंडाशी आणि सामुद्रधुनीसारख्या अरुंद जागी बर्फ पातळ असतो, आणि वरच्या हिमामुळे ते कळत नाही.

नाताळ ते नव वर्ष हा आठवडा सगळ्यात महाग. अंधार अनुभवायचा तर ७ ते २० डिसेंबर बरा. ६ डिसेंबरला त्यांचा स्वातंत्र्यदिन, त्या दिवशी दुकानं बंद किंवा अर्धवेळ. २४ च्या दुपारपासून २५ संपेपर्यंत गाव जवळजवळ बंद असतं आणि बसही मिळेलच असं नाही, त्यामुळे त्या दिवसांत तिथे असाल तर दोन दिवसांचा शिधा २३ लाच भरून ठेवा.