आमच्या मराठीच्या बाई

सुवर्णमहोत्सवाचे निमंत्रण आले, सोबत 'शाळेबद्दल चार ओळी पाठवा' असा निरोपही. माझ्यासाठी शाळा म्हणजे मराठीच्या बाई. त्यांचे नाव आपल्यापैकी कुणाला सांगायला नको.

आठवी 'ब'च्या भिंतीवर बाईंच्या अक्षरातला शुद्धलेखनाच्या नियमांचा तक्ता होता. १९६२ चे १४ आणि १९७२ साली भर पडलेले ४, असे १८. पण बाईंनी ते कधी घोकून घेतले नाहीत. 'गरीब' आणि 'गरिबाला' मोठ्याने म्हणायला लावत आणि विचारत, "री कुठं आखूड झाली, ऐकू आलं?" सामान्यरूप आम्ही असे कानाने शिकलो.

एक तास मात्र अजून तसाच डोळ्यांपुढे आहे. पत्रलेखन चालले होते. मायना, मजकूर, समारोप फळ्यावर लिहून झाले होते. तेवढ्यात शाळेच्या मावशी नोटीस घेऊन आल्या. त्यांचा मुलगा मुंबईला कामाला. बाई म्हणाल्या, "मावशी, पोराला पत्र धाडायचंय ना? सांगा, आज हा वर्ग लिहील."

मावशी दारातूनच एका दमात बोलल्या. म्हैस व्याली, पडवी गळतेय, धाकटीला स्थळ आलंय, पैसे पोचले, दिवाळीला आलास तर बरं, नाही जमलं तर राहू दे, तब्येतीला जप. बाईंनी सगळे जसेच्या तसे फळ्यावर उतरवले, एकही विरामचिन्ह न देता. (मोडीत अशीच सलग ओळ लिहीत, विरामचिन्हे मराठीत आणली ती मेजर कँडी या इंग्रज अधिकाऱ्याने, हेही त्यांनी तेव्हाच सांगितले.) मग प्रश्न सुरू. पूर्णविराम कुठे? परिच्छेद कुठे बदलायचा? आणि यातली मध्यवर्ती कल्पना कोणती?

कुणी पडवी म्हणाले, बरेच जण धाकटीचे स्थळ. मागच्या बाकावरची, कधीच हात वर न करणारी एक मुलगी म्हणाली, "त्यानं दिवाळीला यावं."

"तेच की गं!" मावशी दारातूनच म्हणाल्या.

बाईंनी 'नाही जमलं तर राहू दे' याखाली रेघ ओढली. शब्दार्थ काय, भावार्थ काय, हे त्या एका रेघेत कळले. नंतर किती उतारे सोडवले, रसग्रहणे लिहिली, पण वाचायचे कसे ते तिथेच समजले. अंतर्देशीय पत्रावर तो मजकूर त्याच मुलीने सुवाच्य उतरवला.

आज मी बँकेत कर्जविभाग सांभाळतो. खातेदाराचा अर्ज हाती आला की आधी त्यातले ते एक वाक्य शोधतो. बहुतेकदा ते शेवटच्या ओळीत, संकोचाने लिहिलेले असते. शाखेतून जाणारे प्रत्येक मराठी पत्र माझ्या नजरेखालून जाते, याचा मला अभिमान आहे आणि तो बाईंचा आहे.

माझी मुलगी आता कृतिपत्रिका सोडवते. आकृतिबंध पूर्ण करते, चौकटी भरते, गुणही चांगले मिळवते. उतारा मोठ्याने वाचायला मात्र तिला वर्गात कुणी सांगत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

महोत्सव समितीला एक विनंती. माझ्या देणगीतून प्रत्येक वर्गासाठी एकेक मराठी शब्दकोश घ्यावा आणि तो कपाटात बंद न ठेवता टेबलावर ठेवावा. बाईंच्या टेबलावर तो कायम उघडा असे आणि शब्द अडला की तास चालू असतानाही उठून पाहायची आम्हाला मुभा होती.